बर्फाआधीचं मीठ

मीठकाका आकाशाकडे न बघता रस्त्याकडे बघून हवामान सांगत. न्यू जर्सीच्या रस्ते खात्यातून ते इंजिनिअर म्हणून रिटायर झाले होते, तरी बर्फाचा अंदाज आला की घरासमोरच्या चढावर जाऊन डांबराला हात लावून बघत. "मीठ बर्फाच्या आधी टाकायचं. एकदा बर्फ चिकटला की मीठही कितीतरी जास्त लागतं आणि माणसांची हाडंही जातात. आधी न टाकण्याला हे लोक बचत म्हणतात!"

मी तालुक्याच्या गावचा, घरातला पहिला पदवीधर. २००३ साली आयसेलिनजवळ त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहिलो. घसरणारी गाडी ब्रेक न दाबता कशी सावरायची, हे त्यांनीच शिकवलं.

त्याच हिवाळ्यात टाउनशिपने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, खर्च कमी करायला आमच्या चढावर मीठ टाकणं बंद केलं. काकू तिथेच घसरल्या. खुबा मोडला, त्या पुन्हा चालल्या नाहीत. काका मीटिंगमध्ये जाब विचारायला गेले, तर काउन्सिलचा अध्यक्ष हसत म्हणाला, "बर्फ पडत असताना माणसाने घरी बसावं."

काका उठून बाहेर आले. गाडीत मला म्हणाले, "याला घरी बसवीन."

पुढच्या गणपतीत काकांच्या दारातच एक टेबल होतं. त्यावर मतदार नोंदणीचे फॉर्म. दर्शनाला आलेल्या एका डॉक्टरांना काकांनी तिथेच अडवलं.

"डॉक्टर, वीस वर्षं सिटिझन आहात. नाव नोंदवलंत?"

"राहूनच गेलं हो, काका."

"मग आधी फॉर्म, मग मोदक."

"देवाच्या दारात पॉलिटिक्स?"

"मीठ आधीच टाकावं लागतं, डॉक्टर."

मी व्हिसावर, मला मत नव्हतं. "मग ड्राइव्ह कर," काका म्हणाले. निवडणुकीच्या दिवशी मी सकाळपासून फॉर्म भरलेल्या मावश्या आणि आजोबांना मतदानाला नेत होतो. अध्यक्ष पडला, तोही अगदी थोडक्या मतांनी. काकांनी घरात शिरताच काकूंना एकच शब्द सांगितला, "बसवला!" त्या हिवाळ्यात मिठाचा ट्रक पहिल्या बर्फाच्या आधी आला.

२००८च्या फेब्रुवारीत काका गेले. तिसऱ्या दिवशी भर बर्फात तो माजी अध्यक्ष फुलं घेऊन भेटायला आला. चढावर मीठ पडलेलं होतं, म्हणून न घसरता वर आला. त्याच्या न घसरण्याचा मला आजही राग आहे.

काकूंनी व्हीलचेअरवरून फुलं घेतली, मांडीवर ठेवली. मग त्याच्याकडे बघत शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या, "एवढ्या बर्फात कशाला आलात? घरी बसायचं होतं."