पश्चिमेकडे गेलेली खळबळ

परदोष पाहण्यास डोळे पुरतात. स्वदोष सांगण्यास काळीज लागते. आपल्या चुकीचा पहिला साक्षीदार आपणच होणे, या गुणाला पूर्वसूरींनी ऋजुता म्हटले आहे. ती ग्रंथात मुबलक आढळते, माणसांत क्वचित.

रडार केंद्रावरच्या एका वृद्ध तंत्रज्ञात ती होती. त्यांना सारे तारमास्तर म्हणत. विषुववृत्तावर सूर्यास्तानंतर शेकडो किलोमीटर उंचीवरचा विद्युतभारित वायू खळबळू लागतो. रडारचे तरंग त्यावर आपटून परततात आणि पूर्वेची व पश्चिमेची अशा दोन अँटेना ते टिपतात. दोहोंच्या तुलनेवरून खळबळ कोणीकडे सरकते ते कळते. बहुधा ती पूर्वेकडे जाते. त्या वर्षी मात्र सलग नऊ आठवडे ती पश्चिमेकडे जाताना दिसली.

नवाच शोध लागला म्हणून केंद्रातल्या संशोधक बाई हरखल्या. निबंध सिद्ध झाला. त्यावर प्रथमच तारमास्तरांचेही नाव घातले गेले. जोडणी तपासावी का, असे कुणी सुचवले तेव्हा बाई म्हणाल्या, "मास्तरांनी जोडलंय. तपासायचं काय त्यात?"

निवृत्तीला अठरा दिवस उरले असता मास्तरांनी सकाळी जोडणीची पेटी पुसायला उघडली आणि ते थिजले. त्या नऊ आठवड्यांच्या आधी उंदरांनी कुरतडलेल्या तारा त्यांनीच बदलल्या होत्या. पूर्वेची तार पश्चिमेच्या खोबणीत बसली होती.

दुपारी घरी त्यांनी पत्नीला सांगितले.

"कुणाला कळणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझीच आहे गं. आत काय आहे ते मला ठाऊक आहे."

"मग जेवून तरी जा. उपाशीपोटी खरं बोललात तर भोवळ येईल."

ते जेवले, आणि तडक बाईंच्या खोलीत गेले.

"बाई, आकाश सरळच चाललंय. उलटा मी गेलो."

सारे ऐकून बाईंनी पडद्यावर आलेख उघडला. "मास्तर, निबंध उद्या जायचा होता हो!"

"म्हणून तर आज आलो."

तासाभरात सारी गणिते फिरवून झाली. आलेखावरचे बाण पूर्वेकडे वळले. जगाला जे आधीच ठाऊक होते, तेच उरले. निबंध रद्द झाला.

"तुमचं नाव पहिल्यांदाच छापून येणार होतं," बाई हळूच म्हणाल्या.

"चुकीवर कशाला छापता?"

तारमास्तर आता हयात नाहीत. त्या नऊ आठवड्यांच्या नोंदी केंद्रात आहेत, आणि त्या बरोबर आहेत.