आमच्या ह्यांची तोंडी परीक्षा

आमचे हे रंगारी आहेत. जगाची घरं रंगवतात, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला पोपडे सुटलेत त्यांना हात लावायला ह्यांना मुहूर्त सापडत नाही. ते असो. माणूस लाखात एक, पण मी हे त्यांच्या तोंडावर म्हणणार नाही, डोक्यावर बसतील. शिडीवर चढले की गुणगुणतात, खाली उतरले की गप्प. कामाच्या घरी कुणी चहा दिला तर कप धुऊन परत करतात. भांडणतंटा त्यांना जमत नाही, ते खातं मी सांभाळते.

धास्ती मात्र त्यांना एकाच गोष्टीची, शाळेची. सहावीत असताना गुरुजींनी फळ्यासमोर उभं केलं, उत्तर येईना, अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. त्या दिवशी ह्यांनी दप्तर खाली ठेवलं ते ठेवलंच. लेकीला सोडायला जायचे तरी फाटकाच्या बऱ्याच अलीकडे सायकल थांबवायचे. पालकसभेला मी, निकालाला मी. "तुला बोलता येतं," म्हणायचे. जसं काही मला तिथे भाषणच ठोकायचं असायचं.

आमची लेक सातवीत. घरात तिला आम्ही टकळी म्हणतो, कारण डोळा उघडला की तिचं तोंड जे सुरू होतं ते झोपेपर्यंत. आणि हीच पोर वर्गात पाऊल टाकलं की मूग गिळून बसते. लेखी पेपर उत्तम, तोंडी परीक्षेत शून्य. कुणी काही विचारलं की मान खाली आणि वेणीचं टोक तोंडात. वर्गाच्या बाईंनी मला बोलावून स्वच्छ सांगितलं, की तोंडीत या वेळीही काही मिळालं नाही तर तिला आठवीत पाठवता येणार नाही. मी रडू आवरत कामावर गेले आणि इस्त्रीच्या दुकानात कुणाचा तरी चांगला शर्ट करपवून ठेवला.

पण वाट काढली तीही बाईंनीच. वर्ष संपताना सातवीच्या प्रत्येक मुलाने वर्षभर जे शिकलं ते घरातल्या एका मोठ्या माणसाला शिकवायचं. विज्ञान, गणित, भूगोल, इतिहास, सगळं. शेवटच्या शनिवारी त्या माणसाने वर्गात यायचं, बाई त्याला प्रश्न विचारणार, आणि त्याची उत्तरं म्हणजे मुलाचे तोंडीचे गुण. अट एकच, त्या माणसाला हे आधीपासून येत नसावं.

टकळीने जेवताना आमच्या दोघांकडे बघितलं. मी दहावी पास. तिने निकाल देऊन टाकला, "बाबाच हवेत. त्यांना काहीच येत नाही."

ह्यांचा घास हातातच राहिला. "मावशीला घे की."

"मावशी बी.कॉम. आहे."

"शेजारचे काका?"

"घरातलंच माणूस लागतं, बाबा."

मग त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी पटकन ताट उचलून मोरीकडे गेले. रात्रभर हे कूस बदलत होते. सकाळी दाढी करताना आरशालाच म्हणाले, "माझ्यामुळे पोरीचं वर्ष जायला नको." म्हटलं, चला, घोडं गंगेत न्हालं.

आता अभ्यासाला वेळ कुठून आणायचा? माणूस उजाडताच बाहेर पडतो आणि संध्याकाळी अर्धा झोपेतच घरी येतो. तोड टकळीनेच काढली. बाबांच्या समोर दिवसभर भिंत असते, तर तोच फळा. सकाळी डबा भरून होईपर्यंत ती त्यांना एक धडा समजावून सांगायची. कामावर गेल्यावर हे तो धडा पेन्सिलीने भिंतीवर लिहायचे, मोठ्याने म्हणायचे, आणि जमला की त्यावर रंगाचा हात फिरवायचे. एका वकिलाच्या बैठकीत रंगाखाली राजांच्या लढाया आहेत. एका नव्या जोडप्याच्या झोपायच्या खोलीत ऋण संख्या आहेत. त्यांचं भलं होवो.

ऋण संख्यांवरून बापलेकीचं चांगलंच वाजलं. "उणे गुणिले उणे अधिक कसं होईल?" हे म्हणाले. "माझ्या दोन वाईट खोडी एकत्र आल्या की चांगली खोड होते का?"

"आईला विचारा," टकळी म्हणाली.

इतिहासात ह्यांची शंका वेगळीच. हे राजे सारखे लढायला बाहेर जातात, तर घरून त्यांना कुणी काही बोलत नाही का, म्हणे. गुणोत्तर मात्र एका सकाळीच डोक्यात शिरलं, जन्मभर रंगात रंग मिसळलाय ना. त्या दिवशी स्वारी अशी ऐटीत, की भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा मला सांगून झालं. मी म्हटलं, आता गुणोत्तर येतंय तर तुम्हीच घाला.

हृदयाच्या धड्याने घोळ केला. शुद्ध रक्त लाल, अशुद्ध निळं, असं पुस्तकात रंगवलेलं. रंगारीच तो, पेन्सिलीवर थोडाच भागवणार? टकळीचे स्केचपेन घेऊन गेले आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, जिथे पेशंट बसतात तिथल्या भिंतीवर, हातभर मोठं हृदय काढलं. पाठ केलं, वरून पांढरा रंग दिला, घरी आले. सकाळपर्यंत शाई रंगातून वर आली. मग आणखी एक हात दिला. हृदय पुन्हा हजर.

डॉक्टरीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, माझ्याकडे लोक दात काढायला येतात. आधीच घाबरलेले असतात." हे मेल्याहून मेल्यासारखे झाले. सगळं खरं सांगितलं, लेक, शाळा, शनिवार. डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून भिंत नीट बघितली. "आणि डावं-उजवं उलटं काढलंय," म्हणाल्या. मग पेशंट खोळंबले होते तरी उभ्या उभ्या त्यांनी रक्त कुठून कुठे जातं ते बोटाने दाखवलं. ह्यांनी भिंत खरवडून पहिल्यापासून केली, आणि तेवढा धडा त्यांच्या डोक्यात जो बसला तो कायमचा.

सगळं जमत होतं, एक ऋतूंचा धडा सोडून. उन्हाळा-हिवाळा का होतो, तर पृथ्वी कललेली असते म्हणून. हे भिंतीवर लिहून काही कळेना. भिंत सपाट, गोल फिरणारं काही त्यावर बसेना. शेवटी टकळीने घरातच दिवा मध्ये ठेवून त्यांना भोवती फिरवलं. शनिवारी सकाळी एकदाचं जमलं.

मी त्यांचा निळा शर्ट असा कडक केला होता, की वाकताना आवाज यायचा. फाटकाशी पाय अडखळले. टकळीने हात धरला, आणि हे आत आले. मी मागच्या बाकावर जाऊन बसले.

हृदय सांगितलं, अगदी डावं-उजवं धरून. गुणोत्तर सांगितलं. लढाया सांगितल्या. माझा जीव जरा भांड्यात पडला. मग बाईंनी विचारलं, "उन्हाळा आणि हिवाळा का होतो?"

"पृथ्वी कललेली असते," हे म्हणाले.

"बरोबर. मग त्याने काय होतं?"

ह्यांनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मागे कुणीतरी खुसखुसलं. मला माझा नवरा दिसेना, फळ्यासमोर उभा राहिलेला सहावीतला पोरगा दिसायला लागला, आणि वाटलं, उठावं आणि त्यांना घेऊन सरळ घरी जावं.

"बाई, मला नाही आठवत," ते हळूच म्हणाले. "पण गुण तिचे कापू नका. तिने नीट शिकवलंय. माझंच डोकं जड आहे."

"तसं नाही करता येणार हो," बाई म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं.

तेवढ्यात बाक सरकल्याचा आवाज आला. "तुम्हाला येतं, बाबा. सकाळी आलं होतं." टकळी उभी राहिली होती. वेणी तोंडात नव्हती. ती पुढे गेली आणि बाईंना म्हणाली, "बाई, तुम्ही जरा मध्ये उभ्या राहा. तुम्ही सूर्य. हलायचं नाही."

बाई मुकाट्याने मध्ये उभ्या राहिल्या.

"बाबा, तुम्ही पृथ्वी. खिडकीकडे कला. आता बाईंभोवती फिरा, पण कलायचं खिडकीकडेच."

हे कलले आणि फिरायला लागले. खिडकीपासून लांबच्या बाजूला होते तोवर खिडकीकडे कलणं म्हणजे बाईंकडेच कलणं, ठीक चाललं. पण खिडकीच्या बाजूला आले आणि घोटाळा झाला. तिथे बाईंपासून लांब झुकायचं होतं, आणि शिक्षकांकडे पाठ कशी करायची, म्हणून हे अदबीने पुन्हा बाईंकडेच झुकले.

"बाबा, तुम्ही असे सारखे बाईंकडेच झुकत राहिलात तर जगात थंडी पडणारच नाही," टकळी घरात ओरडते तशी ओरडली. "इकडे झुका, खिडकीकडे. आता डोक्यावर ऊन कमी पडतंय ना? मग इथे हिवाळा. आणि पायाकडच्या देशांत?"

"उन्हाळा," हे म्हणाले.

वर्ग खदखदून हसत होता. बाई हसत होत्या. मी बघितलं, हेही हसत होते. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

बाईंनी जागेवरूनच विचारलं, "मग अगदी ध्रुवावर काय होत असेल?" तिने सांगितलं. मग एका मुलीने हात वर केला, मग आणखी कुणी, आणि टकळी एकेकाला उत्तर देत सुटली, मध्येच खडू घेऊन फळ्यावर काढूनसुद्धा दाखवायला लागली. बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तोंडीचे पूर्ण गुण. वर्षभरात मी हिचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला."

सगळ्यांचं लक्ष फळ्याकडे. आणि आमचे हे खिडकीपाशी तसेच तिरके उभे, एक हात कमरेवर, कडक शर्ट चुरगळलेला. सरळ व्हा म्हणायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मी मागून हळूच हाक मारली, "अहो, झालं. आता सरळ उभे राहा."

त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "थांब," म्हणाले. "ती बोलतेय."