तीनच शब्द, डॉक्टर

शिवानंद डॉक्टर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी स्टँडाबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्यांच्याच नावानं एक थाप मारत होतो. थाप अशी की, लहान मुलांच्या मेंदूवर बोलायला जर्मनीच्या लोकांनी डॉक्टरांसाठी विमान धाडलं आणि डॉक्टर म्हणाले, गुरुवारी जमणार नाही, गुरुवारी माझा चहा कंडक्टरच्या घरी असतो. विमान रिकामं परत गेलं म्हणून सांगतोय, तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातल्या अंजुम मॅडम होत्या. "अप्पा, सर गेले. सकाळी... झोपेतच." मी फोन खिशात ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, डॉक्टर गेले. सगळे हसले. एक जण म्हणाला, "त्याच इमानानं गेले का काय?" माझे डोळे वाहायला लागले तेव्हा कुठं त्यांना पटलं. माझ्यावर विश्वास न ठेवायची खोड त्या टपरीलाच आहे, असं मी तेव्हा समजत होतो. डॉक्टरांनाही ती होती, हे कळायला तीन आठवडे जावे लागले.

मी एसटीत कंडक्टर होतो, बरीच वर्षं सोलापूर-दुधनी मार्गावर. डॉक्टर दर गुरुवारी माझ्या गाडीनं दुधनीला जायचे. तिथं न बोलणारी, नजर न देणारी, एकाच जागी गिरक्या घेणारी मुलं तपासायचे. हातात कापडी पिशवी, पिशवीत लाकडी ठोकळे. पहिल्याच दिवशी अक्कलकोटच्या अलीकडे ती पिशवी फाटली आणि ठोकळे गडगडत ड्रायव्हरच्या पायापर्यंत गेले. पुढं मी ही गोष्ट सांगायचो तेव्हा ठोकळे इंजिनात शिरायचे आणि गाडी लाल-पिवळा धूर सोडत थेट गुलबर्ग्याला जाऊन थांबायची. डॉक्टर पोट धरून हसायचे. एसटीत कंडक्टरला म्हणतात तसं मला मास्तर म्हणायचे. "मास्तर, यातलं खरं किती?" मी सांगायचो, "ठोकळे."

चार-पाच खेपांनंतर मी त्यांना माझ्या रेणूबद्दल सांगितलं. ती सहा वर्षांची होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. डॉक्टर त्याच संध्याकाळी माझ्यासोबत घरी आले. रेणू खिडकीच्या कट्ट्यावर बाटल्यांची बुचं ओळीनं लावत बसली होती. त्यांनी ना तिला हाक मारली, ना चॉकलेट दाखवलं. खाली पाटावर बसले आणि तिच्या ओळीत एक ठोकळा मुद्दाम वाकडा ठेवला. रेणूनं त्यांच्याकडे न बघता तो सरळ केला. त्यांनी दुसरा ठेवला, तिनं तोही सरळ केला. असं तासभर चाललं. माझ्या बायकोनं, कस्तुरीनं, चहा दोनदा गरम केला (टपरीवर मी सात वेळा सांगतो). निघताना डॉक्टर म्हणाले, "बोलली की ती माझ्याशी." कस्तुरी दाराआड जाऊन रडली. त्या दिवसापासून प्रत्येक गुरुवार आमचा झाला. पाट त्यांचा झाला आणि ठोकळ्यांची पिशवीही आमच्याच घरी राहिली.

डॉक्टर तेव्हा एका मोठ्या अभ्यासात होते. काही मुलांना शब्द उशिरा येतात. काहींना वेळेवर येतात आणि मग पाऊल न वाजवता निघून जातात. असं का होतं, ते त्यांना शोधायचं होतं. अशी मुलं शोधत ते गावोगाव फिरत होते, आणि आमची रेणू तसलीच होती. ती सोळा महिन्यांची असताना कस्तुरी टायफॉइडनं दुधनीला माहेरी पडून होती. मी रजा काढली. त्या चाळीस दिवसांत रेणू बोलली. अप्पा. पाणी. आणि खिडकीत चिमणी आली की, चिव. कस्तुरी परत यायच्या आत ते शब्द गेले. घरात माझी आई होती, पण तिला ऐकू यायचं नाही. म्हणजे साक्षीदार एकटा मी, आणि मी कोण, तर ज्याच्या गाडीचा धूर लाल-पिवळा असतो तो. पोरीच्या तोंडचा शब्द कस्तुरीनं आजवर ऐकलेला नाही. ती म्हणायची, "तुमी ऐकलं म्हणता, मी मानते. पण तुमी तर बिबट्याचं तिकीट फाडलं म्हणूनबी सांगता की."

वर्षातून एकदा डॉक्टर वही काढायचे आणि विचारायचे, "मास्तर, रेणू तेव्हा किती शब्द बोलत होती?" दर वर्षी हाच प्रश्न. मला वाटायचं, मोठा माणूस, विसरत असेल. पहिल्या वर्षी मी खरं तेच सांगितलं, तीन. दुसऱ्या वर्षी पाच झाले. मग नऊ. का? माझ्या घरातून गेलेली वस्तू मी लहान कशाला सांगू? आणि शब्द जास्त असले, तर डॉक्टर तिच्यासाठी जास्त झटतील असंही वाटायचं. एका वर्षी त्यांनी चष्मा काढला. "मास्तर, नीट आठवून सांगा. माझ्यासाठी." मी छाती फुगवून म्हणालो, "बारा. आणि वर आरतीचं एक कडवं." त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला. मला वाटलं, गडी खूश झाला.

अभ्यास पूर्ण झाला तेव्हा सोलापुरात एका हॉलमध्ये कार्यक्रम झाला. मी लग्नातला कोट घालून पहिल्या रांगेत. डॉक्टर पडद्यावर मुलांबद्दल सांगत होते आणि मला राहवलं नाही. उभा राहून ओरडलो, "ह्यात आमची रेणूबी हाय!" हॉलनं टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावर डॉक्टरांनीसुद्धा वाजवल्या. पुढं डेपोत, बाजारात, लग्नाच्या पंगतीत मी एकच गोष्ट सांगत फिरलो, माझी पोरगी शास्त्रात आहे.

डॉक्टरांना जाऊन तीन आठवडे झाले, तेव्हा अंजुम मॅडमनी रेणूची फाइल न्यायला बोलावलं. दवाखाना रिकामा करायचं चाललं होतं. मी तिथंच उभ्यानं फाइल उघडली. एका पानावर तोच एक प्रश्न आणि समोर वर्षावार माझी उत्तरं, तीन, पाच, नऊ, बारा. खाली त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं, "वडील दर वर्षी शब्द वाढवतात. दुसरा साक्षीदार नाही. मूल अभ्यासातून वगळले." तारीख हॉलमधल्या त्या कार्यक्रमाच्या दोन वर्षं आधीची.

"ते सगळ्यांनाच दर वर्षी विचारायचे, अप्पा," अंजुम मॅडम खाली बघत म्हणाल्या. "उत्तर बदलतं का ते बघायला. तीच त्यांची पद्धत होती."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"आधी सांगितलं असतं तर पद्धत कसली राहिली असती?"

घरी येऊन कस्तुरीला पान वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "मग खरे किती होते?" तीन, म्हणालो. ती म्हणाली, "मग तीनवर थांबायला काय धाड भरलेली तुमाला?"

माझी चूक मला मान्य आहे. पण डॉक्टर, पद्धत होती तोवर गप्प राहिलात, ते समजलं. वगळल्यावर तरी सांगायचं की! त्यानंतर किती गुरुवार आलात, चहा प्यायलात, बिबट्याची गोष्ट पुन्हा सांगायला लावून हसलात. तिकीट काढलेल्या प्रवाशाला मधल्या फाट्यावर उतरवायचं आणि वर हात हलवून निरोप द्यायचा, असं मी तीस वर्षांत कुणाशी केलं नाही. त्या टाळ्या तुम्ही कोणत्या हातांनी वाजवल्या?

रागानं मी त्यांचा पाट माळ्यावर टाकला. गुरुवारी पाच वाजता रेणूनं कट्ट्यावर ओळ लावली, एक ठोकळा बाजूला काढून पाटाच्या जागी ठेवला आणि वाट बघत बसली. जेवायलाही उठली नाही. पुढच्या गुरुवारी मी पाट खाली काढला आणि त्यावर स्वतः बसलो. बाजूचा ठोकळा ओळीत वाकडा ठेवला. रेणूचा हात आला... ठोकळा सरळ झाला. मी पुन्हा वाकडा केला, तिनं पुन्हा सरळ केला. ती बोलते म्हणजे काय, हे मला त्या माणसानंच शिकवलं होतं. राग गेलेला नाही. पण मी तासभर त्याच पाटावर बसून होतो.

आणि आता हे छापून ठेवतोय, म्हणजे मलाही बदलता येणार नाही. अप्पा. पाणी. चिव. तीन. डॉक्टर, पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.