डाव्या कानाचा विनोद

गिटारच्या मास्तरांचा डावा कान तरुणपणीच गेला. बँडमध्ये वर्षानुवर्षं ड्रमला खेटून उभं राहण्याची ती कमाई. पुढे बँड मोडला, मास्तरांनी क्लास काढला. डावीकडून कुणी बोललं की ते मान वळवून "काय?" विचारायचे, एवढंच.

रॉक बँडवर एक विनोदी सिनेमा निघाला, तेव्हा नटाला गिटार शिकवायला मास्तरांना बोलावणं आलं. नट मेहनती होता. महिनाभर घरी येऊन बसायचा, मास्तरांच्या बायकोला वहिनी म्हणायचा.

सिनेमा लागला तसे नवरा, बायको आणि मुलगी पहिल्याच दिवशी गेले. सुरुवात झकास होती. खटारा गाडीत खिडकीवरून बँडमधल्या चौघांची जुंपलेली, रिकाम्या खुर्च्यांपुढे जीव तोडून म्हटलेलं गाणं. मास्तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग पडद्यावरच्या गिटारवाल्याने मान वळवली. "काय?" थिएटर खदखदलं. त्यानंतर दर थोड्या वेळाने तेच. बायकोही हसली आणि मधेच गप्प झाली.

बाहेर मुलगी भडकली. "बाबा, त्याला फोन करून चांगलं सुनावा!"

"बोटं अगदी बरोबर पडत होती त्याची."

"आणि कानाचं काय?"

"त्याचं एवढं नाही गं. पण सबंध सिनेमात आम्हाला एक गाणं धड वाजवू दिलं नाही. आम्ही कफल्लक होतो, भांडखोर होतो. बेसूर नव्हतो."

तेव्हापासून मास्तरांनी विचारणंच सोडलं. ऐकू येवो न येवो, मान डोलवायची. क्लासमध्ये मुलांचं चुकलेलंही तसंच खपून जाऊ लागलं. एकदा भांडी विसळताना बायको म्हणाली, "उद्या माझ्या ताईचं ऑपरेशन आहे. तुम्ही चला हं बरोबर." मास्तरांनी मान डोलवली आणि सकाळी ती उठायच्या आत क्लासला निघून गेले.

मुलीचा फोन आल्यावर ते धावतपळत हॉस्पिटलात पोचले. ऑपरेशन आटोपलं होतं, ताई अजून शुद्धीवर नव्हती. बायको बाकावर एकटीच होती.

"मला ऐकूच आलं नव्हतं," ते म्हणाले.

"मग विचारायचं होतं ना!" ती इतक्या जोरात ओरडली की नर्सने वळून पाहिलं. "मी त्या दिवशी हसले म्हणून?"

ती जरा सरकली, ते शेजारी टेकले; ती त्यांच्या डाव्या बाजूला आली.

"संध्याकाळपर्यंत काही सांगता येत नाही म्हणतात," ती दाराकडे बघत म्हणाली.

मास्तरांनी मान वळवली. "काय?"