कठड्यातली चार फुटांची जागा

"डहाणू हे खाडीच्या तीरावर वसलेले प्राचीन नगर असून त्याच्या वैभवाची साक्ष येथील कणाकणातून मिळते."

हे वाक्य आमच्या खाडीकाठी काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत कोरलेले आहे. ते मी लिहिले. कणाकणाकडे मी चौकशी केलेली नाही. 'प्राचीन' हा शब्द तर माझा नव्हेच. मी 'जुने' लिहिले होते. पण सुशोभीकरण समितीच्या पहिल्याच बैठकीत असे ठरले की घर जुने असते, सायकल जुनी असते, नगर मात्र प्राचीन असते.

भूगोलाच्या निवृत्त मास्तरला गावात मागणी असते ती शोकसभेत आणि फलक लिहिण्यासाठी. समितीचे अध्यक्ष हार्डवेअरच्या दुकानाचे मालक. घरात गुजराती, बैठकीत मराठी आणि गिऱ्हाइकाशी गिऱ्हाइकाची भाषा, असा त्यांचा व्यवहार. एके दिवशी ते कोरा कागद घेऊन आले. वर फक्त 'इतिहास व आकर्षणे' एवढे लिहिलेले होते.

"मास्तर, थोडं भारी लिहा ने," ते म्हणाले. "वाचून माणूस उभा राहिला पाहिजे."

"फलक वाचायला माणूस उभाच राहतो."

"मग बसला पाहिजे," ते म्हणाले. बाकेही त्यांच्याच दुकानातून यायची होती.

इतिहास लिहायला फारसा वेळ लागला नाही. गावाचे नाव 'धेनू'वरून आले, असे म्हणतात. पूर्वी इथे गाईच गाई होत्या. आजही त्या स्टेशन रोडच्या मधोमध बसून या व्युत्पत्तीचे समर्थन करत असतात. खाडीच्या तोंडाशी किल्ला आहे. तो पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी घेतला, मराठ्यांकडून इंग्रजांनी आणि सगळ्यांकडून पिंपळाने. शेवटचा भाग समितीने वगळला.

आकर्षणांवर मात्र तीन बैठका झाल्या. समुद्रकिनारा आणि सुरूची झाडे यांवर एकमत होते, चिकूवरही होते. मग एका सभासदाने चिखले गावचा किनारा घालायला सांगितला, कारण तिथे गर्दी कमी असते. तो घातला तर गर्दी होईल, हे त्यांना पटले नाही. दुसऱ्याने कोसबाडची टेकडी घातली. कैनाडच्या सभासदाने कैनाड घालण्याचा आग्रह धरला.

"कैनाडात बघण्यासारखं काय?" अध्यक्षांनी विचारले.

"शेती."

"ती तर सगळीकडे आहे."

"मुंबईत दाखवा," कैनाडचे सभासद म्हणाले, आणि कैनाड यादीत आले. तलासरी कशी आली हे मला आजही नीट सांगता येणार नाही. ती खाडीवर नाही. पण एका सभासदांच्या बहिणीचे सासर तिथे आहे आणि गुजरातकडून येणारा पाहुणा हायवेने तिथूनच येतो, एवढ्यावर ते निभावले.

या सगळ्यात एक माणूस रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसू लागला. तो खाडीतला तरवाला. साठीच्या आसपासचा, काटक, बोलायला कमी. खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातून मासळीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या बायकांना तो होडीतून अलीकडे आणतो आणि दुपारनंतर परत नेतो. पुलावरून रिक्षाने यायचे तर मोठा वळसा पडतो, आणि मासळीची पाटी रिक्षावाल्यांना आवडत नाही. तो होडी लावायचा ती जागा म्हणजे चार दगडी पायऱ्या. सुशोभीकरणात त्या पायऱ्यांवरून स्टीलचा कठडा जाणार होता, सलग, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"चार फूट मोकळे ठेवायला सांगा, मास्तर," तो म्हणाला. "माणूस आणि पाटी गेली म्हणजे झालं."

मी अध्यक्षांना सांगितले. कठड्यात भोक राहिले तर शोभा जाते, असे त्यांचे मत होते. आकर्षणासाठी ठेवायचे असते तर गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी मी हे तरवाल्याला सांगितले. त्याने थोडा विचार केला.

"मग मला आकर्षण करा," तो म्हणाला.

मी आकर्षणांत 'तर', म्हणजे होडीची ने-आण, असे लिहिले. समितीने ते खोडून 'नौकाविहार' केले आणि अध्यक्षांनी तोडगा काढला. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते. ते नौकाविहार करतील. तो शोभून दिसला तर जागा मोकळी राहील, नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी कठड्याचा उरलेला तुकडा बसवून टाकायचा. तो तुकडा आणून पायऱ्यांशेजारच्या कडुनिंबाला टेकवून ठेवला होता. तरवाला येता-जाता त्याच्याकडे बघायचा. पाट्यावाल्या बायकाही बघायच्या.

आता माझ्या सहाव्या वाक्याविषयी सांगायला हवे.

इतिहास संपवून आकर्षणांकडे वळताना मधे काहीतरी हवे होते. मी लिहिले, "पौर्णिमेच्या सायंकाळी तुडुंब भरलेल्या खाडीवर चंद्राचे चांदणे पसरते, तेव्हा जणू रुप्याचा रस वाहत असल्याचा भास होतो." समितीत हे वाक्य मोठ्याने वाचले गेले. कैनाडच्या सभासदांनीसुद्धा हरकत घेतली नाही. अध्यक्षांनी तिथल्या तिथे पंचांग काढून पौष पौर्णिमेचा संध्याकाळी सहाचा मुहूर्त धरला.

तरवाल्याला मी तारीख सांगितली. तो म्हणाला, "पुनवेला? दुपारी या ना."

"दुपारी चांदणं कुठून येणार?"

"ते बरोबर हाय," तो म्हणाला. मग त्याने विचारले, "मास्तर, माझ्या मुलीला तुम्ही भूगोल शिकवला ना?"

"शिकवला. हुशार होती."

"तिला एका उत्तराला शून्य दिलं होतं. भरती कधी येते, विचारलं होतं. तिने लिहिलं, पुनवेला दुपारी बाराला, मग रोज पाऊण तास उशिरा."

मला ते आठवत नव्हते. पण शून्य दिले असणार यात शंका नव्हती. पुस्तकातले उत्तर चंद्र, सूर्य आणि गुरुत्वाकर्षण यांपासून सुरू होत होते. मी म्हटले, "परीक्षेत पद्धत असते." तो म्हणाला, "असेल," आणि उठून गेला. मला वाटले, दुपारी जेवण लवकर होते म्हणून त्याला दुपार सोयीची.

उद्घाटनाच्या दिवशी साडेपाचला मी खाडीवर पोचलो. मांडव होता, खुर्च्या होत्या, स्पीकर होता. खाडी नव्हती. जिथे खाडी असते तिथे दूरवर चकचकीत काळा चिखल पसरला होता. मधोमध धोतराच्या काठाएवढी पाण्याची पट्टी दिसत होती आणि चिखलावर निवटे मासे उड्या मारत होते. तरवाल्याची रंगवलेली, झेंडूच्या माळा घातलेली होडी एका कुशीवर कलंडून पडली होती.

मी शाळेत पंचवीस वर्षे भरती-ओहोटी शिकवली. टेनिसचा चेंडू, लिंबू आणि टॉर्च घेऊन पौर्णिमेला पृथ्वी, चंद्र, सूर्य एका रेषेत कसे येतात ते दाखवले. इथला कोळी त्यासाठी लिंबू वापरत नाही. तो पंचांगातली तिथी बघतो, तिची पाऊणपट करतो, आणि तेवढ्या वाजता भरती येते, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या आसपास. म्हणजे पौर्णिमेला संध्याकाळी सहा वाजता खाडी तुडुंब भरलेली कधीच नसते. पुढच्या पौर्णिमेला नसेल, पोर्तुगीजांच्या काळातही नसणार. समितीने मुहूर्तासाठी पंचांगाचे जे पान उघडले होते, त्याच पानावर हे लिहिलेले होते.

अध्यक्ष माझ्याजवळ आले. "मास्तर, पाणी कुठे?"

"गेलंय."

"कधी येणार?"

तरवाला पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "बाराला."

"उद्या?"

"आजच. रात्री."

अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिले, मग कडुनिंबाला टेकवलेल्या तुकड्याकडे, आणि कामगाराला हळूच म्हणाले, "सकाळी लावून टाक." आवाज हळू होता, पण स्पीकरवाला माईक तपासत होता. ते सगळ्यांनी ऐकले. तरवाल्यानेही.

पाहुणे वेळेवर आले, हे आमच्या दुर्दैवात भरच घालणारे होते. पांढरे कपडे, नवे बूट, मागे चारपाच माणसे. त्यांनी पडदा ओढला आणि फलक मोठ्याने वाचायला घेतला. सहाव्या वाक्यापाशी त्यांचा आवाज फुलला. वाक्य संपल्यावर त्यांनी खाडीकडे पाहिले. मग लेखक कोण असे विचारले. मला पुढे करण्यात आले.

"वा," ते म्हणाले.

फोटोग्राफर अस्वस्थ होता. त्याला नौकाविहाराचा फोटो हवा होता; बातमी तीच होती. तेव्हा तरवाला उठला आणि कठड्यातल्या मोकळ्या जागेत येऊन उभा राहिला.

"साहेब, होडी हाय, चंद्र हाय," तो म्हणाला. "पाण्याचं आम्ही बघतो."

होडी उद्घाटनासाठी अडकल्याने परतीच्या पाट्यावाल्या बायका पाणी यायची वाट बघत तिथेच बसल्या होत्या. ओहोटीला उतरायची वेळ आली की त्या मधून चिरलेले ताडाचे खोड चिखलावर टाकतात आणि त्यावरून चालतात. दोघींनी खोड ओढून पायरीपासून होडीपर्यंत लावले. चौघी चिखलात उतरल्या आणि होडी सरळ करून धरून उभ्या राहिल्या. त्यांतल्या सर्वांत वयस्क बाईने पाहुण्यांचा हात धरला.

"दादा, बूट काढा," ती म्हणाली. "गेला तर उद्या चिंबोरी घालून फिरेल."

पाहुण्यांनी बूट काढले. त्यांच्या माणसाने ते छातीशी धरले. पाहुणे त्या चार फुटांतून खाली उतरले आणि खोडावरून एकेक पाऊल टाकत निघाले. बाई पुढे उलटी चालत होती, लहान मुलाला चालायला शिकवताना चालतात तशी. ते होडीत बसले.

"आता हलू नका," तरवाला मागून म्हणाला. "होडी नाय बुडायची. पण ह्या बायांना हसू आलं तर हात सुटंल."

पाहुणे हलले नाहीत. मागे चंद्र वर आला होता. तरवाल्याने वल्हे हवेत धरले. फोटो झाला.

दोन दिवसांनी तो छापून आला. होडीच्या खालचा भाग कापलेला होता. बायका नव्हत्या, चिखल नव्हता. चंद्र, माळा, वल्हे आणि स्थिर नजरेने क्षितिजाकडे पाहणारे पाहुणे एवढेच होते. खाली 'खाडीतील नौकाविहाराचा शुभारंभ' असे लिहिले होते. इतकी वर्षे खाडीकाठी राहिलेल्या माझ्या बायकोने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "पाणी किती शांत आहे."

उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी कामगार कठड्याचा तुकडा बसवायला आला होता. तरवाला पायरीवर होडी धूत होता. त्याने वर पाहिले नाही. बायका पाट्या डोक्यावर घेऊन तशाच थांबल्या. तेवढ्यात अध्यक्ष स्कूटरवरून आले आणि त्यांनी कामगाराला थांबवले. आदल्या संध्याकाळपासून ते विचार करत असावेत.

"हे बंद केलं तर पाहुणे उतरले कुठून?" ते म्हणाले. "उद्या कोणी विचारलं तर?"

ज्या जागेचा शुभारंभ झाला ती जागा राहायलाच हवी होती. महिन्याभरात तिथे पितळेची पट्टी लागली, 'नौकाविहार प्रवेशद्वार', आणि खाली पाहुण्यांचे नाव. त्या प्रवेशद्वारातून आता सकाळी मासळीच्या पाट्या वर येतात. नौकाविहारासाठी अजून कोणी आलेले नाही.

मी अध्यक्षांना म्हटले, निदान ते सहावे वाक्य दुरुस्त करू. दगड कोरलेला, एक ओळ बदलायची तर सगळा काढावा लागेल, असे त्यांनी सांगितले. "राहू द्या ने, मास्तर. इतिहास कोण तपासतं?"

तो इतिहास नव्हता, तो भूगोल होता.

तरवाल्याला मी निवृत्त होताना शाळेतून आणलेली खडूंची पेटी दिली. त्याची मुलगी आता वापीला कारखान्यात नोकरी करते. तिचा निरोप आला की मास्तरांकडे तिचे दोन मार्क राहिले आहेत. ते आता कुठे वाढवायचे ते मला माहीत नाही. खडू मात्र रोज वापरले जातात. फलकाच्या खालच्या बाजूला, कणाकणाच्या आणि रुप्याच्या रसाच्या खाली, एक हातभर ग्रॅनाइट कोरे राहिले होते; तिथे तो रोज भरतीची वेळ लिहितो. गावातली माणसे, कैनाडचे सभासदसुद्धा, सकाळी फिरायला येतात तेव्हा तेवढेच वाचतात.

काल तिथे लिहिले होते: पंचमी. पाणी पावणेचारला. चिंबोऱ्या आहेत.