किल्ला आज बंद आहे

दिघीहून येणारी फेरीबोट आगरदांड्याच्या धक्क्याला लागली की बुधाजी उठून उभा राहायचा. उठायचं काही कारण नसे. एसटीतली नोकरी संपून चार वर्षं झाली होती, खांद्याला चामड्याची पिशवी नव्हती, गळ्यात तिकिटाचं यंत्र नव्हतं. तरी बोटीचं लोखंडी दार सिमेंटवर आदळलं की त्याच्या पायांना आधी कळे. चालत्या गाडीत तोल सांभाळावा तसे पाय फाकवून तो स्थिर जमिनीवर उभा राहायचा आणि उतरणाऱ्या माणसांकडे बघायचा. तोंडं बघून कोण कुठे चाललंय ते त्याला ओळखता येई. पिशव्या घेतलेले मुरुडच्या बाजाराला. फायली घेतलेले तहसीलला. आणि हातात पाण्याची बाटली, डोक्यावर नवी टोपी, नजर समुद्रावर, ते जंजिऱ्याला.

एकतीस वर्षं त्याने माणगाव, बोर्ली पंचतन, दिघी या रस्त्यावर कंडक्टरकी केली. वाडीतला सरकारी नोकरीला लागलेला तो दुसराच माणूस. त्या नोकरीने त्याला घर बांधून दिलं, मुलगी शिकवून दिली आणि एक गोष्ट पक्की शिकवली. माणूस तोंडाने काहीही सांगतो. पोरगं पाच वर्षांचं आहे म्हणतो, आणि पोरगं मांडीवर सातवीचं पुस्तक उघडून बसलेलं असतं. पास घरी राहिला म्हणतो. मागच्याच स्टॉपला चढलो म्हणतो, आणि त्याच्या चपलांना आधीच्या गावची लाल माती. खरं तेवढंच जे कागदावर. बुधाजी कोणाशी भांडला नाही, कोणावर ओरडला नाही. फक्त हात पुढे करायचा आणि म्हणायचा, दाखवा.

आता त्याच्या हातात चिठ्ठ्या असत. स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या, मुरुडला झेरॉक्स काढलेल्या. वर ठळक मथळा, ‘जंजिरा पाहण्यास येणाऱ्यांसाठी’, आणि खाली सात मुद्दे. राजपुरीला जायला मुरुडची एसटी धरा, फाट्यावर उतरा. रिक्षा केली तर बसण्याआधी ठरवा की भाडं माणशी आहे की रिक्षाचं. शिडाच्या होडीचं तिकीट खिडकीवरच घ्या, वाटेत भेटलेल्याकडून नको, आणि त्यात परत यायचं भाडं धरलंय का ते विचारून घ्या. पाचवा मुद्दा होडीत बसल्यावर माहिती सांगू लागणाऱ्या गाइडाचा, पैसे किती आणि कोणी द्यायचे ते आधीच बोला. सहावा पाण्याचा आणि पायातल्या चपलांचा, पायऱ्यांना शेवाळ असतं. सातवा परतीच्या फेरीबोटीचा, ती चुकली तर खाडीला रस्त्याने वळसा घालायला अर्धा दिवस जातो.

चौथा मुद्दा इतरांपेक्षा मोठ्या अक्षरात होता. ‘किल्ला आज बंद आहे असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. पावसाळा व शुक्रवारची नमाजाची वेळ सोडून किल्ला बंद नसतो.’

हा मुद्दा कुठून आला ते धक्क्यावर सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एक कुटुंब परतीच्या बोटीची वाट बघत बाकड्यावर बसलं होतं. त्यांना रिक्षावाल्याने सांगितलं होतं, किल्ला बंद आहे, ओळखीचा मोटरबोटवाला आहे, तो बाहेरून फिरवून आणेल. राजपुरीच्या मागच्या खडकाळ किनाऱ्यावरून बोटीत बसवलं, लांबून एक चक्कर मारली, भरपूर पैसे घेतले. आणि चक्कर मारताना त्यांच्या लहान मुलीने विचारलं, बंद आहे तर भिंतीवर ती माणसं कसली? भिंतीवरची माणसं त्यांना हात हलवत होती. रिक्षाचा नंबर त्यांनी कागदावर टिपून घेतला होता. बुधाजीने हात पुढे केला, दाखवा म्हणाला. नंबर त्याने दोनदा वाचला. रिक्षा प्रज्योतची होती. प्रज्योत त्याचा जावई.

त्या आठवड्यात पहिल्या चिठ्ठ्या निघाल्या. बुधाजी जावयाला एक शब्द बोलला नाही. बोलायचं ते चौथ्या मुद्द्यात लिहिलं होतं, आणि प्रज्योत तिथेच दहा पावलांवर रिक्षा लावून उभा असायचा. मुलीने, मैत्रीने, बापाला एकदाच फोन केला. म्हणाली, तुम्ही अख्ख्या जगाला सावध करताय, पण त्यांच्या रिक्षात आता कोणी बसत नाही, ते बघा. यंदा चौदा एप्रिलला ती घरी आली नाही. बायकोने, जनीने, पोरीसाठी केलेली खीर दोन दिवस झाकून ठेवली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, बास झालं आता तुमचं कंडक्टरपण. पण बुधाजीला घरात बसवत नव्हतं. बसला की पाय हलायचे, बोटं खिशातले कागद मोजायची. मुलीचं घर आणि आपला शब्द, दोन्ही एकाच धक्क्यावर समोरासमोर उभे होते. कोणाकडे पाठ करावी ते त्याला कळत नव्हतं.

नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. सकाळच्या बोटीतून एक बाई आणि एक म्हातारा उतरले. बाईचं नाव पूनम, शाळेत शिकवायची. म्हातारा तिचा बाप, रावजी. माणगावच्या आतल्या गावचा भातशेती करणारा माणूस, सत्तरी ओलांडलेला, एका हातात काठी. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन होतं. त्याआधी एकदा जंजिऱ्यात पाय टाकायचा, असं त्याने लेकीला सांगितलं होतं. नंतर होईल न होईल.

प्रज्योत पुढे झाला. म्हणाला, ताई, आज शिडाच्या होड्या बंद आहेत, बाहेर लाटा मोठ्या आहेत. मुरुडला सोडतो, किनारा बघा, जेवून परत या. पूनमने वर आभाळाकडे बघितलं. मग खाडीकडे बघितलं. पाणी ताटात ओतल्यासारखं सपाट होतं. तिच्या चेहऱ्यावर तो सगळा संशय आला जो बुधाजीने एकतीस वर्षं स्वतःच्या चेहऱ्यावर वागवला होता. बुधाजीने चिठ्ठी पुढे केली आणि चौथ्या मुद्द्यावर बोट ठेवलं.

“मामा, आज खरंच बंद आहे,” प्रज्योत म्हणाला.

“कुठं लिहिलंय?”

प्रज्योतकडे कागद नव्हता. राजपुरीहून मित्राचा फोन आला होता, एवढंच. मागच्या रिक्षातला कोणीतरी म्हणाला, कंडक्टरने आज जावयाला विनातिकीट पकडला, आणि रांगेत हशा पिकला. बुधाजीने दोघांना मुरुडच्या एसटीत बसवून दिलं. रावजी खिडकीतून म्हणाला, “मास्तर, तुम्ही होता म्हणून. न्हायतर आम्ही फसलो असतो.” गाडी वळेपर्यंत बुधाजी उभा होता. मग बसला. मग पुन्हा उठला.

काहीतरी बरोबर नव्हतं. ते त्याला दिसत होतं आणि कळत नव्हतं. धक्क्याच्या टोकापर्यंत तो दोनदा जाऊन आला. तिसऱ्या वेळी त्याचं लक्ष मासेमारीच्या होड्यांकडे गेलं. दुपार व्हायच्या आधीच त्या आत येत होत्या. एक, दोन, पाच. सवयीने त्याने मोजल्या, अकरा झाल्या. कोणाच्या जाळ्यात काही नव्हतं. गुडघाभर पाण्यातून दोर ओढत येणाऱ्या एकाला त्याने विचारलं. तो मान वर न करताच म्हणाला, बाहेर उभं राहवत न्हाय. वारा इथं न्हाय, तिकडं लांब कुठंतरी हाय, पण पाणी इथवर येतं. सकाळीच सांगितलंय सगळ्यांना, आत या. किल्ल्याच्या होड्यापन बंद.

आधी बुधाजीला वाटलं, काय होईल, खिडकी बंद बघतील आणि परत येतील. मग त्याच्या लक्षात आलं की तसं होणार नाही. खिडकीवरचा माणूस बंद म्हणेल, आणि त्यांच्या हातात चिठ्ठी आहे. बंद म्हणणारा खोटा. मग जो कोणी म्हणेल की चला, मी नेतो, तोच खरा. मागच्या किनाऱ्यावर तो मोटरबोटवाला अजून होता. आपणच त्यांना हाताला धरून त्याच्या दारात नेऊन सोडलं होतं.

प्रज्योत रिक्षात डबा खात बसला होता.

“प्रज्योतराव, राजपुरीला जायचंय.”

प्रज्योतने डब्याचं झाकण लावलं. “कुठं लिहिलंय, मामा?” तो म्हणाला, आणि तोवर त्याने रिक्षा चालू केली होती.

रस्ता खाडीच्या कडेकडेने जातो. एका चढावर रिक्षा मंद झाली तेव्हा प्रज्योत आरशात न बघता म्हणाला, “त्या वेळी मी खोटं बोललो होतो. एकदा न्हाय, तीनदा. मैत्रीला एकदाच म्हणून सांगितलंय.” बुधाजी पुढच्या दांड्याला घट्ट धरून बसला, जणू रिक्षा नाही, तोच घसरतोय.

राजपुरीला खिडकी बंद होती आणि तिच्यावर खडूने लिहिलेली पाटी टांगलेली होती. होडी वाहतूक बंद. म्हणजे लिहिलेलंही होतं, फक्त सात किलोमीटर पुढे. चहाच्या टपरीवरची बाई म्हणाली, एक ताई आणि आजोबा आले होते, हातातला कागद वाचून खिडकीवरच्या माणसाशी वाद घालत होते, मग एकाबरोबर खडकांकडे गेले. दोघं पळाले. म्हणजे प्रज्योत पळाला. बुधाजी कोरड्या जमिनीवर तोल सांभाळत त्याच्या मागे गेला.

बोट किनाऱ्यापासून चार हातांवर डुलत होती. डुलत नव्हती, उचलली जात होती आणि सोडली जात होती. रावजी आत बसला होता, काठी छातीशी धरून. पूनमचा एक पाय पाण्यात होता.

बुधाजी म्हणाला, उतरा, किल्ला बंद हाय.

पूनमने चिठ्ठी वर धरली. “ही तुमचीच ना?”

“माझीच. ती चुकीची हाय.”

मोटरबोटवाला हसला. म्हणाला, ताई, हेच म्हातारं दोन वर्षं सगळ्यांना सांगतंय की बंद म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आता स्वतःच बंद म्हणतंय. जावयाची रिक्षा भरायला आलंय, दुसरं काय. पूनम एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. तिचं चुकत नव्हतं. तिच्या जागी बुधाजी असता तर त्यानेही विश्वास ठेवला नसता. मागून लाट आली आणि बोट खडकाच्या बाजूला सरकली. रावजीने डोळे मिटून घेतले.

दाखवायला कागद नव्हता. एकच गोष्ट होती, आणि ती त्याची एकट्याची नव्हती. त्याने प्रज्योतकडे बघितलं. प्रज्योतने मान फिरवली नाही.

“ताई, हा माझा जावई,” बुधाजी म्हणाला. “दोन वर्षांपूर्वी हा खोटं सांगून माणसं याच बोटवाल्याकडं आणायचा. म्हणून मी तो चौथा मुद्दा लिहिला. आज हा खरं बोलत होता. मी ऐकलं न्हाय.”



“खरं आहे,” प्रज्योत म्हणाला. “तीन वेळा.”

पूनमने पाण्यातला पाय मागे घेतला. प्रज्योत कंबरेपर्यंत पाण्यात शिरला आणि रावजीला पाठीवर घेऊन आला. किनाऱ्यावर टेकल्यावर म्हातारा म्हणाला, माझ्या गुडघ्याला आधीच कळलं होतं, पन त्याचं कोण ऐकतंय. कोणी हसलं नाही. बोटवाला मात्र जाता जाता प्रज्योतला म्हणाला की आता सगळ्या धक्क्याला कळेल. ते खरं होतं.

परतताना एका वळणावर प्रज्योतने रिक्षा थांबवली. तिथून किल्ला दिसत होता. निळ्या स्वच्छ आभाळाखाली लाटा त्याच्या तटावर अर्ध्यापर्यंत चढत होत्या आणि पांढऱ्या होऊन पडत होत्या. आवाज इथवर येत नव्हता. रावजी बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, हाय तो तिथंच, कुठं जातोय.

दुपारच्या फेरीबोटीने बापलेक दिघीला परत जाणार होते. बोट यायला वेळ होता. पूनमने रिक्षाचं भाडं पुढे केलं, प्रज्योतने घेतलं, आणि कपडे पिळायला धक्क्याच्या कडेला गेला. तिथून पाठमोराच म्हणाला, “मैत्रीला मी सांगेन. तीन वेळा म्हणून. तुम्ही सांगू नका.” बुधाजीने मान हलवली. प्रज्योतला ती दिसली नाही.

बाकड्यावर बसून त्याने खिशातल्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि एकेकीवरचा चौथा मुद्दा पेनाने खोडायला घेतला. त्याऐवजी काय लिहायचं ते सुचत नव्हतं. विचारून घ्या, असं लिहावं तर कोणाला? समुद्राला विचारा, असं काही कागदावर लिहीत नाहीत. तो नुसता खोडत राहिला.

बोट आली. लोखंडी दार आदळलं. बुधाजी उठला. बापलेक आत गेले, आणि आतून एक तरुण जोडपं उतरलं, पाण्याच्या बाटल्या, नव्या टोप्या. प्रज्योत ओल्या कपड्यांनिशीच पुढे झाला आणि म्हणाला, किल्ला आज बंद आहे. त्या दोघांनी आभाळाकडे बघितलं. मग सपाट पाण्याकडे.

“बंद हाय,” बुधाजी म्हणाला, आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.

मुलीने ती उन्हात धरली. खोडलेल्या रेघांमागची मोठी अक्षरं स्पष्ट दिसत होती. तिने ती सावकाश वाचली, नवऱ्याच्या कानाशी लागून काहीतरी बोलली. त्यातलं ‘दोघं मिळालेले आहेत’ एवढं बुधाजीला ऐकू आलं. ते झपझप चालत मुरुडच्या एसटीत जाऊन बसले. कंडक्टरने घंटी दिली, गाडी निघाली.

बुधाजी रस्त्याकडे बघत उभा राहिला. मागे रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला.

“बसा, मामा,” प्रज्योत म्हणाला.