घडी मोडायचा मान

शिंप्यांच्या गल्लीत तिला सगळे घडीताई म्हणतात. वय बावन्न. काम, कापडाला चुण्या पाडणं. स्कर्ट, गणवेश, नाटकाचा पडदा, काहीही आणा. जाड कागदाचे अगदी सारखे दोन साचे घड्या घालून बनवायचे, मधे कापड ठेवायचं, सगळं एकत्र मिटायचं, दोरीने करकचून बांधायचं आणि वाफेच्या पेटीत कोंबायचं. सव्वा तास वाफ, तीन तास थंड होणं. मग कागद जसा दुमडलेला असेल तसंच कापड जन्मभर दुमडून राहतं. पॉलिस्टर असेल तर. सुती कापड दुसऱ्या दिवशी सगळं विसरतं.

तिच्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांनी चाळीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्री केली. म्हणजे एकाच घरात एक बाई सुरकुत्या पाडण्यात तरबेज आणि दुसरी त्या मोडण्यात. नवरा बसड्रायव्हर. लग्नाला तीस वर्षं झाली, आपण कोणाच्या बाजूचे हे त्याने अजून कोणाला कळू दिलेलं नाही.

एकतीस वर्षं घडीताई दुसऱ्यांच्या घड्या घालत आली. स्कर्ट कुणाचा, नाव कुणाचं, चुण्या हिच्या. दोन वर्षांपूर्वी ती वाचनालयातल्या रविवारच्या ओरिगामी मंडळात जायला लागली. कागदाचे पक्षी करतात, एवढीच तिची समजूत होती. तिथे एक इंजिनिअर उपग्रहाचे पंख मिटतात कसे ते वर्तमानपत्राच्या पानावर दाखवत होता. ती पाच मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "हे तर मी रोज करते." तिसऱ्या रविवारी तिने डब्याखालच्या कागदाची एक घडी करून आणली. दोन कोपरे ओढले की अख्खा कागद उमलायचा, सोडला की टुणकन मिटायचा. मंडळातल्या कोणीही ती आधी पाहिलेली नव्हती.

ती घडी डिझाइन संग्रहालयाच्या प्रदर्शनासाठी निवडली गेली. अट एवढीच की ती अंगावर घालता आली पाहिजे. म्हणून केप, खांद्यांवरून पांघरायचा बिनबाह्यांचा झगा. खाली पाटीवर 'रचना' या शब्दापुढे पहिल्यांदा तिचं नाव येणार होतं. संग्रहालयाची गाडी ठरल्या दिवशी साडेपाचला येणार, आणि ती कुणासाठी थांबत नाही, असं त्यांनी दोनदा कळवलं होतं.

कारखान्यातलं टेबल आखूड, म्हणून नऊ फुटी कागदावर ती घरीच तीन आठवडे काम करत होती. रिकाम्या बॉलपेनने रेघा दाबायच्या, मग एकेक घडी. वर येते तो डोंगर, आत जाते ती दरी. एक साचा आधीच कारखान्यात पोचला होता. दुसरा त्या दिवशी सकाळी घरच्या टेबलावर, उशीएवढा मिटलेला. नऊ वाजता वाफेची पेटी तापवायला निघताना ती दारातून आनंदाने ओरडली, "आई, आज घडी मोडायचा मान तुमचा बरं का!"

म्हणजे केप पहिल्यांदा अंगावर घालायचा मान.

साडेअकराला साचा न्यायला ती परत आली, तर बैठकीच्या खोलीत जमीनच दिसत नव्हती. भिंतीपासून भिंतीपर्यंत कागद, सपाट, तुकतुकीत. पलीकडच्या टोकाला सासूबाई, हातात इस्त्री.

"बघ," त्या म्हणाल्या. "एक सुरकुती दाखव."

"आई, हे काय केलंत?"

"तूच म्हणालीस, घडी मोडा."

"अहो, केपची! अंगावर घालायची!"

"मग तसं सांगायचं. तीन आठवडे या घरात घडी म्हणजे कागद. कागदाला हात लावू नका, कागदावर कप ठेवू नका. कापडाचं कोणी नाव तरी काढलं?"

घडीताई उंबऱ्यावर बसली. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं हसू, आणि आलं ते थांबेचना. नवरा आंघोळ करून बाहेर आला आणि खोलीत पाय ठेवायला जागा नाही म्हणून दारातच उभा राहिला. "कोण जिंकलं?" त्याने विचारलं.

हिशेब सोपा होता. एकदा दुमडलेल्या कागदाची नस मोडते, ती इस्त्रीने जुळत नाही. घड्या तिथेच होत्या, फक्त दिसत नव्हत्या. पण अशी घडी एकेक करून मिटत नाही. चारी बाजूंनी एकदम दाबावी लागते. एकटीने चार दिवस. दहा हात मिळाले तर कदाचित दोन तास.

नवरा वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे धावला. डॉक्टर आले, त्यांच्यामागून निळं फडकं गळ्यात अडकवलेले एक गृहस्थही आले.

"हे कोण?"

"माझे पेशंट. भूल दिलीय, दाढ नंतर काढू. हात मोकळे आहेत त्यांचे."

पेशंटनी मान डोलावली. ओठाचा डावा अर्धा भाग त्यांच्या ताब्यात नव्हता.

पाचजण कागदाभोवती गुडघ्यांवर बसले. पण कुठे डोंगर आणि कुठे दरी? घडीताईने कागद खिडकीकडे तिरका धरून पाहिला. काही दिसेना. तेव्हा सासूबाईंनी इस्त्री बाजूला ठेवली, डोळे मिटले आणि तळवा कागदावरून फिरवला.

"इथे उचललंय," त्या म्हणाल्या. "इथे दबलंय. परत उचललंय."

"तुम्हाला कळतंय?"

"अगं, चाळीस वर्षं हेच शोधत होते मी."

मग त्या सांगत गेल्या आणि बाकीचे चिमटीत धरत गेले. डोंगर. दरी. डोंगर. चुकू नये म्हणून प्रत्येकाने आपलं मोठ्याने म्हणायचं ठरलं.

"ओंगय!" पेशंट ओरडले. "दयी!"

"अहो, नीट सांगा ना!" सासूबाई म्हणाल्या.

"त्यांना संध्याकाळपर्यंत नीट सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

कागद उठू लागला. उठेल तसा तो आक्रसायचा, आणि धरलेल्या चिमट्या सोडायच्या नाहीत म्हणून माणसंही गुडघ्यांवर पुढे सरकायची. नऊ फुटांचे सहा झाले, सहाचे चार. डोक्याला डोकी लागली.

"डॉक्टर, तुमचं कोपर माझ्या कानात आहे," नवरा म्हणाला.

"हलू नका, माझ्या बोटाखाली तीन दऱ्या आहेत."

"दयी!" पेशंटनी दुजोरा दिला. त्यावर डॉक्टर हसले, डॉक्टरांमुळे नवरा हसला आणि कागद थरथरायला लागला. "हसायचं नाही!" घडीताई किंचाळली. हसत हसतच. तेवढ्यात मधोमध काहीतरी खटकन बसलं, सगळा कागद एका झटक्यात मिटला आणि पाचजण एकमेकांच्या अंगावर कोसळले. पेशंट सर्वांत खाली होते. उशीएवढा साचा त्यांनी दोन्ही हातांनी वर धरला होता.

सासूबाईंसकट सगळे कारखान्यात पोचले आणि एक चाळीसला कापड पेटीत गेलं. पाच पंचावन्नपर्यंत ते निवायला हवं होतं. गाडी साडेपाचला आली, अगदी मिनिटाला मिनिट. पंचवीस मिनिटं आधीच दोरी सोडली, साचे उचलले आणि निळं कापड कोंबडीच्या पिलासारखं उडी मारून बाहेर आलं. डाव्या खांद्यावर दोन दऱ्यांचे डोंगर झाले होते. ती पेशंटची बाजू. बाकी एकही घडी चुकलेली नव्हती.

सासूबाईंनी केप मिनिटभर घातली, हात वर करून उमलवली, मिटवली, पुन्हा उमलवली. "याला कोणी इस्त्री केली तर हात तोडीन," असं म्हणून त्यांनी ती उतरवली.

आता अडचण खोक्याची. चुण्या अजून कोमट होत्या. कोमट चुण्या खोक्यात दाबल्या की भलत्याच ठिकाणी बसतात.

"वस्तू खोक्यातच पाहिजे," गाडीवाला म्हणाला.

"अंगावर घालायची वस्तू आहे. अंगावर नेते."

"मग माणसाची सही कोण देणार?"

"मीच देते ना," घडीताई म्हणाली. तिने केप अंगावर चढवली, सही केली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

पहिल्या सिग्नलला शेजारच्या रिक्षातली तीन माणसं वाकून बघायला लागली. घडीताईने गंभीर राहायचा प्रयत्न केला. मग तिला "दयी" आठवलं. ती हसली की खांदे हलत, खांदे हलले की केप उमले, उमलली की गाडीवाल्याच्या मांडीपर्यंत पोचे आणि टुणकन परत येई.

"ताई," गाडीवाला म्हणाला, "हसू नका. मला गिअर सापडत नाहीये."

त्यावर केप पुरती उमलली. सिग्नल हिरवा झाला आणि मागून सगळे हॉर्न वाजवायला लागले.